चार फूट अकरा

रुवीत बायकांच्या हॉलमध्ये पुरुष फोटोग्राफर चालत नाही,
म्हणून माझं पोट चालतं.
मेंदी, सोनं, नवरीच्या मावशीच्या सतरा बांगड्या,
सगळं सत्तर-दोनशेने, लांबून,
कुणाच्या जेवणात न येता.

त्या आठवड्यात मात्र बीरानकुट्टीच्या दुकानात
तासभर काचेच्या कपाटापुढे उभी राहिले.
"लग्न की पक्षी?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, लग्न.
खोटं बोलताना माणूस नेहमीच्या धंद्याचं नाव घेतो.

सत्तर-दोनशे नको. ती पांढरी नळी रोखली
की समोरचा आधी हात वर करतो.
चोवीस नको. जवळच्याचं नाक फुगवते
आणि खोलीतल्या आठ गाद्या अठरा दिसतात;
दिल्लीच्या संपादकाला आवडल्या असत्या.
शटरचा आवाज नको.
याआधी एक पत्रकार येऊन गेला होता, त्याच्या शटरबद्दल
नूकरत्नम फोनवर म्हणाली होती,
"बाहेरून कडी लावतात ना, तसं वाजतं."

शेवटी जुनी पन्नासची घेतली, बावीस रियालला,
कडेला ओरखडा असलेली.
"डोळ्याला दिसतं तेवढंच देते," बीरानकुट्टी म्हणाला,
"वर काही नाही."

वादी कबीर. इमारतीची गच्ची. रात्रीचे साडेदहा.
एसीच्या गाडीतून ऑगस्टच्या हवेत आलं
की काच घामेजते.
पुसायची नसते, पुसली की पुन्हा धरते.
वीस मिनिटं नुसतं बसायचं.

त्या वीस मिनिटांत तिनं सांगितलं ते सांगितलं,
माझ्या मोडक्या आणि तिच्या नुसत्या हुकमांच्या हिंदीत:
गोदावरीकाठचं गाव, शारजातली खोली,
तिथून रात्रीच्या रस्त्यानं सीमा,
पासपोर्ट मागणारा हात, परत न देणाराही तोच,
एकवीस महिने, सहा मुलांचं घर,
पगार तीनदा.
मध्येच विचारलं, "तुझ्या बहिणीचं लग्न झालं?"
मी म्हटलं, मला बहीण नाही.
"मग बरं."

काच निवळली. मी कॅमेरा डोळ्याला लावला
आणि ती उठून उभी राहिली, न सांगता.
समोरून.
बाजूनं.
हात पुढे, तळवे उलटे, नखं दिसतील असे.
मग दात.

कॅमेरा खाली घ्यायला मला जितका वेळ लागला
तितक्या वेळाची अजून लाज वाटते.

शारजाच्या खोलीत असेच चार फोटो काढले होते तिचे,
पांढऱ्या भिंतीपुढे, साध्या मोबाइलवर.
खाली लिहिलं होतं: स्वयंपाक येतो, मुलं सांभाळते,
उंची पाच फूट दोन.
कोणती लेन्स, कसला प्रकाश, कुणी विचारलं नव्हतं.
फोटो घराघरांत फिरले. एका घरी पसंत पडले.

"तीन इंच त्यांनीच वाढवले," ती म्हणाली.
"वरच्या कपाटाला हात पोचला नाही
की मॅडम ओरडायची: फसवलंस मला."
आणि हसली, पहिल्यांदा, पदर तोंडाशी धरून.
त्या हसण्याचा फोटो नाही.

मग जागा तिनंच निवडली.
गच्चीच्या दाराची चौकट, निळा रंग पोपडे धरलेला.
चपला काढल्या, पाठ टेकवली,
माझ्या वहीतली पेन्सिल घेऊन डोक्यावर आडवी धरली,
रेघ ओढली,
बाजूला झाली.
"आता काढ."

ट्यूबलाइटचा उजेड, एक साठांश सेकंद, आवाज बंद.
चौकट, रेघ, खाली चपलांचा जोड,
डावीचा अंगठा शिवलेला.

संपादकाचा दुसऱ्या दिवशी निरोप:
यात माणूस कुठे आहे?
मी त्याला कळवलंय, टेप घेऊन ये,
चौकट अजून तिथेच आहे.
अजून आलेला नाही.